होम थिएटरचा स्पीकर खरंच गेलाय का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘स्पीकर उडालाय, नवा केवढ्याला पडेल?’ असं विचारत जे येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचा स्पीकर धडधाकट निघतो. कुठे वायर निसटलेली असते, कुठे टीव्हीची सेटिंग बदललेली, कुठे रिसीव्हरचा (सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या मुख्य यंत्राचा) एखादा चॅनल, म्हणजे एका स्पीकरची वाट, गेलेला. म्हणून खालच्या उत्तरांचा क्रम ठरलेला आहे: आधी डबा (स्पीकरची पेटी) न उघडता काय कळतं ते बघायचं, मग मीटर लावायचा, आणि स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. ५.१ चे (पाच स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर असलेले) तयार संच आणि सुटे स्पीकर-रिसीव्हर, दोन्हींना हे लागू आहे. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

आवाज फाटतोय. म्हणजे स्पीकर गेलाच ना?

लगेच तसं धरू नका. आवाज अगदी कमी करा, शेजारच्या खोलीत जाणार नाही इतका, आणि कान जवळ नेऊन ऐका. इतक्या हळू आवाजातही खरखर येत असेल, काहीतरी घासत असेल, कागद फडफडत असेल, तर स्पीकरवर शंका घ्यायला जागा आहे. हळू आवाजात स्वच्छ आणि मोठा केल्यावरच फाटत असेल, तर बहुतेक वेळा अ‍ॅम्प्लिफायरचा दम संपलेला असतो, किंवा छोट्या स्पीकरकडे त्याला न पेलणारा बेस जातोय.

हे दुसरं कारण फार वेळा निसटतं. रिसीव्हर रीसेट झाला की स्पीकरची सेटिंग कधी कधी ‘लार्ज’वर जाऊन बसते. चार बोटांएवढ्या सॅटेलाइटला (संचातल्या छोट्या स्पीकरला) ४०-५० हर्ट्झचा बेस दिला तर तो फाटणारच. सेटिंग ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर (ज्या पट्टीखालचा बेस सबवूफरकडे वळतो ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवा. सॅटेलाइट अगदीच चिमुकले असतील तर १२० ते १५० पर्यंत न्या. एवढ्याने आवाज निवळला तर पुढचं वाचायची गरज नाही.

आणि एकाच सिनेमात किंवा एकाच व्हिडिओत फाटत असेल, बाकी सगळीकडे ठीक असेल, तर रेकॉर्डिंगच तसं आहे.

बिघाड स्पीकरचा की अ‍ॅम्प्लिफायरचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

अदलाबदल करून. रिसीव्हर बंद करा, प्लग काढा, डाव्या स्पीकरची वायर उजव्याला आणि उजव्याची डाव्याला लावा. पुन्हा तेच गाणं, तोच आवाज. खोट त्याच डब्यातून येत राहिली तर दोष डब्यात. दुसऱ्या डब्यातून यायला लागली तर पहिला डबा निर्दोष आहे. मग वायर बदलून बघा, आणि तरीही तसंच असेल तर रिसीव्हरचा तो चॅनल दुरुस्तीला काढा.

चालू रिसीव्हरवर वायरी बदलू नका. तांब्याची एक सुटी तार दोन टर्मिनलांना एकदम चिकटली तरी आउटपुटचा आयसी (स्पीकरला शक्ती पुरवणारी चिप) जाऊ शकतो. तयार संचात प्लग रंगीत असतात. पुढचे दोन आणि मागचे दोन सहसा आपापसांत बदलता येतात. सबवूफरचा प्लग मात्र सॅटेलाइटच्या जागी बसतो का, हे बघायच्या भानगडीत पडू नका. त्याचे ओहम वेगळे असू शकतात.

मल्टिमीटरने नक्की काय मोजायचं?

साधा पिवळा मीटर पुरतो. नॉब २०० ओहमच्या रेंजवर ठेवा आणि आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. जो आकडा येईल (०.३, ०.५, स्वस्त मीटरला कधी १ सुद्धा) तो पिनांच्या वायरींचा आहे, नंतर वजा करायचा. मग स्पीकरच्या दोन्ही वायरी अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवून पिना टर्मिनलांवर धरा. धातूच्या टोकांना बोटं लावू नका.

मागे ८ ओहम छापलेल्या स्पीकरवर साधारण साडेपाच ते सात आकडा येतो. ६ ओहमच्यावर साडेचार ते साडेपाच, ४ ओहमच्यावर तीन ते साडेतीन. छापलेल्यापेक्षा आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका: छापलेला आकडा गाणं वाजत असताना स्पीकर जो विरोध करतो त्याचा आहे, मीटर फक्त कॉईलच्या (स्पीकरच्या आत गुंडाळलेल्या वेटोळ्याच्या) तारेचा विरोध मोजतो.

पडद्यावर ‘ओएल’ आलं, किंवा डावीकडे नुसता १ उभा राहिला, तर वाट कुठेतरी तुटली आहे. कॉईल जळली असेल, किंवा टर्मिनलपासून कोनकडे (स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूसारख्या पडद्याकडे) जाणारी वेणीसारखी तार तुटली असेल. ही दुसरी गोष्ट आधी बघा, कारण ती डाग देऊन जोडता येते. मीटर लावून कोन हलकेच पुढेमागे केल्यावर आकडा येत-जात असेल तर ती तारच आहे. आकडा एक ओहमच्या आसपास किंवा शून्य आला तर कॉईलचे वेढे आपापसांत शॉर्ट झालेत. असा स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरला पुन्हा जोडू नका, तो त्यालाही घेऊन जाईल.

एक मर्यादा लक्षात ठेवा. दोन किंवा तीन ड्रायव्हर (प्रत्यक्ष आवाज काढणारे भाग) असलेल्या डब्यावर मागून मोजलेला आकडा वूफरचाच (जाड आवाजाच्या ड्रायव्हरचाच) असतो. ट्वीटरच्या (बारीक, वरच्या पट्टीच्या आवाजाच्या ड्रायव्हरच्या) वाटेत कपॅसिटर असतो आणि मीटरचा डीसी त्यातून जात नाही. म्हणजे ट्वीटर मेलेला असला तरी मागून आकडा झकास दिसणार.

मीटर म्हणतो ठीक, पण आवाज बद्द येतोय. का?

वरच्याच कारणाने. ट्वीटर गेला की स्पीकर बंद पडत नाही, फक्त आवाजातली धार जाते, आणि घरातल्यांना त्याची इतकी सवय होते की महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. झांज, टाळ, घुंगरू असलेलं काहीतरी लावा. भजनाचं रेकॉर्डिंग या कामाला उत्तम. वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला आणि दुसरं ट्वीटरसमोर धरा. चांगल्या ट्वीटरमधून ‘स’ आणि ‘श’ची सळसळ स्पष्ट येते, मेलेल्यातून फक्त शेजारच्या वूफरचा लांबून आलेला आवाज येतो. शंका राहिली तर दुसऱ्या बाजूच्या स्पीकरवर तेच करून तुलना करा.

पक्कं करायचं तर ट्वीटरचे स्क्रू काढून, त्याची एक वायर सोडवून थेट त्याच्यावर मीटर धरा. इथे एक धोका आहे, आणि तो बोलून दाखवायलाच हवा, कारण यात चांगले स्पीकर मरतात. ड्रायव्हरचं चुंबक लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर खेचतं. हात जरा सैल पडला की टोक सरळ डोममध्ये (ट्वीटरच्या घुमटासारख्या पडद्यात) किंवा कोनमध्ये घुसतं. स्पीकर आडवा झोपवा, ज्या हातात स्क्रू-ड्रायव्हर नाही त्या हाताचा तळवा डोमवर न टेकवता आडवा धरा, आणि स्क्रू थोडे थोडे करून सैल करा.

ट्वीटर कधी गप्प होतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत बोलायला लागतो, असं होत असेल तर तो जळलेला नाही. काही डब्यांत आत संरक्षणासाठी एक छोटा भाग असतो. जास्त करंट गेला की तो तापून वाट अडवतो आणि थंड झाला की मोकळी करतो. आवाज कमी ठेवा, एवढाच त्याचा अर्थ.

अ‍ॅम्प्लिफायर तर लहानसा आहे. त्याने ट्वीटर कसा जळेल?

लहान आहे म्हणूनच. अ‍ॅम्प्लिफायरला जेवढं जमतं त्यापेक्षा जास्त मागितलं की तो लाटेचे शेंडे सपाट कापतो. कापलेल्या लाटेत मूळ गाण्यात नसलेल्या वरच्या पट्टीतल्या लहरी तयार होतात आणि त्या डब्यातल्या क्रॉसओव्हरमधून (जाड-बारीक आवाज वेगळे करणाऱ्या भागातून) थेट ट्वीटरकडे जातात. डब्यावर १०० वॉट लिहिलेलं असलं तरी त्यातला ट्वीटर सलग जेमतेम काही वॉट सोसतो, कारण बाकीचा भार वूफरने उचलायचा असतो. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरवर स्वच्छ वाजणारा स्पीकर सहसा वाचतो. लहान अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण पिळून फाटका आवाज दोन तास ऐकला तर ट्वीटर जातो.

गणपतीत सोसायटीच्या मंडपात लावला होता, तेव्हापासून बिघडलाय. काय झालं असेल?

वर लिहिलं तेच. दिवाणखान्यात भिंती आवाज परत फेकतात, मोकळ्यावर तो निघून जातो. मग व्हॉल्यूम वर, आणखी वर, त्यात माइक जोडलेला, आणि माइक स्पीकरसमोर आला की ती कानठळ्या बसवणारी शिट्टी. ट्वीटरचा सगळ्यात मोठा वैरी ती शिट्टीच. आधी सगळे ट्वीटर तपासा, मग वूफरच्या कोनवर हात ठेवून बघा (खाली सांगितलंय तसं).

खोक्यावरच्या ‘पीएमपीओ’च्या हजारो वॉटवर विसंबून हे धाडस झालेलं असतं. तो आकडा जाहिरातीचा आहे. यंत्राच्या पाठीवर वीज किती खातं ते लिहिलेलं असतं. त्यापेक्षा जास्त शक्ती ते सतत बाहेर टाकूच शकत नाही. मंडपाला भाड्याची सिस्टिम आणा.

कोन बोटांनी दाबून बघतात, ते कशासाठी?

कॉईल घासते का ते कळण्यासाठी. फिरत्या कॉईलच्या स्पीकरची रचना १९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडली आणि मुळात ती आजही तीच आहे: चुंबकाच्या अरुंद फटीत कॉईल, कॉईलला चिकटवलेला कोन, आणि त्याला मध्यभागी धरून ठेवायला मागे स्पायडर (लवचिक चकती) व पुढे कड. त्यामुळे स्पीकरला होणाऱ्या इजाही मोजक्याच आहेत. कॉईल जळते किंवा वाकडी होते, गोंद सुटतो, कड झिजते.

रिसीव्हर बंद करा. दोन्ही हातांची बोटं डस्ट कॅपच्या (कोनच्या मधल्या टोपीच्या) भोवती, समोरासमोर, सारख्या अंतरावर टेकवा आणि कोन सरळ आत ढकला, दोन-तीन मिलिमीटर, बस. मग सोडा. चांगला कोन मुकाट्याने जातो आणि मुकाट्याने येतो. नखाने वाळूचा कागद खरवडावा तसा बारीक स्पर्श बोटांना जाणवला, तर कॉईल फटीच्या कडेला लागतेय. अजिबात हलत नसेल तर कॉईल तापून फुगली आणि अडकून बसली. एकाच बाजूने दाबू नका. तसं केलं तर चांगला कोनही तिरका होऊन घासतो आणि तुमचा निष्कर्ष चुकतो. ट्वीटरच्या डोमला ही चाचणी लावायची नाही.

दाबतानाच नाक जवळ न्या. जळलेल्या कॉईलचा वार्निशचा वास डस्ट कॅपच्या आडून बरेच दिवस येत राहतो. कोकणात, समुद्राजवळच्या घरांत आणखी एक प्रकार दिसतो: खारट दमट हवेने चुंबकाच्या फटीत गंज चढतो, त्याचे कण सुटतात, आणि कॉईल शाबूत असूनही खरखर येते.

पेन्सिल सेलची चाचणी करावी का?

वूफरवर करायला हरकत नाही. दीड व्होल्टचा सेल, वायरी क्षणभर टेकवायच्या. ‘ठप्’ आवाज आला आणि कोन हलला म्हणजे कॉईल जिवंत. सेलचा धन टोक लाल टर्मिनलला असेल तर बहुतेक स्पीकरांत कोन बाहेर येतो; काही जुन्यांत उलट असतं. दोन स्पीकरांत एकाचा बाहेर आणि दुसऱ्याचा आत जात असेल तर एकाच्या आतल्या वायरी उलट्या जोडल्या आहेत. अशा जोडीतून बेस गायब होतो, गायकाचा आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही, आणि लोक ‘स्पीकर गेला’ म्हणतात. नऊ व्होल्टची बॅटरी नको. ट्वीटरला मीटरच पुरे.

गाणी ऐकू येतात, पण सिनेमातले संवाद गायब. सेंटर (मधला, संवादांचा स्पीकर) गेला का?

असू शकेल. पार्श्वसंगीत येतंय आणि बोलणं तेवढं नाही, याचा अर्थ ५.१ चा सिग्नल नीट पोचतोय आणि सेंटर गप्प आहे. रिमोटवरून टेस्ट टोन लावा. सूंऽऽ आवाज एकेका स्पीकरमधून फिरेल. सेंटरच्या पाळीला शांतता असेल तर वायर, सेटिंगमधलं ‘सेंटर: नाही’, आणि मग मीटर.

उलट, संवाद आहेत पण सगळंच पुढच्या दोन स्पीकरांतून येतंय, तर स्पीकर सोडा आणि टीव्हीचा मेन्यू उघडा. ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वर असेल तर ऑप्टिकल किंवा एआरसीतून (टीव्हीचा आवाज परत नेणाऱ्या एचडीएमआय जोडणीतून) साधारण दोनच चॅनल बाहेर पडतात. ‘बिटस्ट्रीम’, ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘ऑटो’ करा.

सबवूफरमधून सतत घूंऽऽ येतं. कॉईल गेली?

कॉईलचा याच्याशी संबंध नाही. हा ५० हर्ट्झच्या विजेमुळे येणारा गुंजारव आहे. सबवूफर बंद करा, सिग्नलची केबल काढा, पुन्हा सुरू करा. घूं थांबलं तर ते बाहेरून येतंय. सेट-टॉप बॉक्सला येणारी केबलवाल्याची वायर काढून बघा, बऱ्याचदा तीच निघते. केबल काढूनही घूं चालूच राहिलं तर आतले पॉवर सप्लायचे कपॅसिटर थकलेत. त्यांची डोकी फुगलेली दिसतात, पण ते बघायला तुम्ही पाठ उघडू नका: आत २३० व्होल्ट येतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो.

घूं घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती अर्थिंग आहे.

मोठ्या धमाक्याला सबवूफर ‘ठक्क’ करतो, किंवा फर्रर वाजतो.

‘ठक्क’ म्हणजे कॉईल मागच्या पत्र्यावर आपटते. बेस कमी करा. पुन्हा पुन्हा आपटली तर कॉईलची नळी चेपते. फर्रर पोर्टमधून (डब्याच्या हवेच्या भोकातून) जोरात निघणाऱ्या हवेचा असेल तर ती इजा नव्हे. पोर्टमध्ये टॉर्च मारून मात्र बघा. कुंभारमाशीचं मातीचं घर, झुरळं, उंदराने कुरतडलेल्या वायरी, मुलांनी टाकलेल्या गोट्या, सगळं तिथे निघतं.

आणि थरथर स्पीकरचीच आहे याची खात्री करा. मोबाइलवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घ्या, हळू आवाजात २० हर्ट्झपासून वर सरकत जा, आणि जिथे थरथर सुरू होईल तिथे थांबून खोलीभर हात लावत फिरा. शोकेसमधली भांडी, खिडकीची सैल काच, भिंतीवरची फ्रेम, यांतलं काहीतरी हात लावताच गप्प बसतं. त्याच टोनने वर गेल्यावर १५-१६ हजार हर्ट्झनंतर काही ऐकू आलं नाही तर स्पीकरला दोष देऊ नका. मोठ्या माणसांचे कान तिथपर्यंत फारसे पोचत नाहीत. घरातल्या शाळकरी मुलाला विचारा.

कोनभोवतीचा फोम हात लावला की झडतोय. वाजवत राहू का?

नको. आपल्या दमट हवेत फोमची कड दहा-पंधरा वर्षांत चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी होते. रबरी कड बरीच जास्त टिकते. तुटलेल्या कडेवर वाजवलं की कोन मध्यावरून सरकतो आणि चांगली कॉईल घासून मरते. वेळीच थांबलात तर फक्त कड बदलून स्पीकर पूर्ववत होतो. फेविक्विक लावू नका, ते कडक होतं.

मुलाने मधली टोपी आत दाबली.

वूफरची असेल तर दिसायला वाईट, बाकी बहुधा काही नाही. चिकटपट्टी लावून हळूच ओढा. ट्वीटरचा रेशमी डोम तसाच ओढून बहुतेक ठीक होतो. धातूचा डोम चेपला तर चेपलाच. ओढायला गेलं तर फाटतो.

रिसीव्हर सुरू होतो आणि दोन सेकंदांत ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद होतो.

सगळे स्पीकर सोडवा आणि रिकामाच सुरू करा. चालू राहिला तर बंद करून एकेक स्पीकर जोडत जा. ज्याच्यावर बंद पडेल त्याची वायर किंवा कॉईल शॉर्ट आहे. बहुतेक वेळा टर्मिनलशी विस्कटलेली एखादी तार निघते.

रिकामाही बंद पडत असेल तर दोष रिसीव्हरचा. ज्या स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरांत हे संरक्षण नसतं, तिथे आउटपुट शॉर्ट झाला की थेट डीसी स्पीकरला जातो: सुरू करताच कोन एका बाजूला झेप घेतो आणि तिथेच राहतो, मग धूर. म्हणून पावसाळ्याच्या तोंडी वीज कडाडून गेल्यावर स्पीकर मेलेला सापडला, तर नवा जोडण्याआधी व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, स्पीकर न जोडता, चॅनलच्या दोन टर्मिनलांमध्ये डीसी व्होल्ट मोजा. ५० मिलीव्होल्टच्या आत असेल तर ठीक. व्होल्टांत आकडा आला तर नवा स्पीकरही जाणार. पिना दोन्ही टर्मिनलांवरच धरा. एक पिन बॉडीला लावून मोजलं तर कित्येक डिजिटल अ‍ॅम्प्लिफायर धडधाकट असूनही बरेच व्होल्ट दाखवतात.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

वॉरंटीत असेल तर एकही स्क्रू काढू नका. नसेल तर ड्रायव्हर बघून ठरवा. सबवूफर आणि चांगल्या वूफरचं रिकोनिंग (कोन-कॉईल नव्याने बसवणं) परवडतं. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड या भागांत कॉईल, कोन, कड हे सुटं सामान मिळतं. तयार संचातल्या तीन इंची ड्रायव्हरवर मजुरी घालण्यात अर्थ नसतो. त्याच मापाचा, तेवढ्याच ओहमचा दुसरा ड्रायव्हर बसवा. असल्या संचात पुढचे आणि मागचे सॅटेलाइट पुष्कळदा एकसारखेच असतात. तसं असेल तर मागचा चांगला स्पीकर पुढे आणा आणि बाजारातला वेगळ्या आवाजाचा ड्रायव्हर मागे टाका. मागच्या बाजूला फरक फारसा कळत नाही.

दुकानात जाताना सगळा संच वाहून नेऊ नका. अदलाबदल करून जो डबा दोषी ठरला तो, आणि तुलनेला त्याचा चांगला जोडीदार, एवढं पुरे. मीटरवर आलेला आकडा कागदावर लिहून न्या. कॉईल बदलायचं ठरलं तर जुनी कॉईल परत मागा: ती काळी पडलेली आणि वेढे सुटलेली असेल तर जास्त वाजवल्याने गेली, तार तांबूस, चकचकीत आणि एकाच बाजूला खरवडलेली असेल तर ती जळलेली नाही, घासलेली आहे, आणि मग कोन मध्यावर का नव्हता हे कारागिराला विचारा.